अण्णांचा गर्व, अक्कांचे गुलाब

खोली बघायला गेलं की घरमालकाच्या एखाद्या वस्तूचं तोंडभर कौतुक करावं, पुढचं सगळं सोपं जातं, अशी युक्ती मला पुण्यात कोणीतरी शिकवली होती. बंगळूरला आल्यावर मी ती पहिल्यांदा वापरली, आणि समोरचा माणूस दचकून मागे सरकला.

इंदिरानगरमधलं बैठं घर. पुढे बाग, मागे भाड्याची सुटी खोली. फाटकाशी एक उंच, काटकुळे गृहस्थ उभे होते. कडक इस्त्रीच्या पँटमध्ये बनियन खोचलेलं. मी म्हणालो, "वा! काय गुलाब आहेत! उभ्या आयुष्यात असे गुलाब पाहिले नाहीत मी."

गृहस्थांनी आधी रस्त्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे. आणि दबक्या आवाजात म्हणाले, "लवकर एक दोष सांगा."

"कसला?"

"गुलाबाचा हो! कौतुक केलासा न्हवं? मग एक दोष पण सांगा. लवकर सांगा की!"

मी घाईत एका झाडाकडे बोट दाखवलं. "तो... तो कडेचा जरा वाकडा वाढलाय."

त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. "सरी, बरं झालं. खोली तुमची."

तर हे अण्णा. बेळगावकडचे मराठी ख्रिस्ती, एका सरकारी कारखान्यात तयार सुट्या भागांची तपासणी करण्यात जन्म गेलेला, आता निवृत्त. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला अक्का. माझं नाव त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं, ऐकून घेतलं, "असू दे" म्हणाले आणि शेवटपर्यंत मला 'पुणेकर' म्हणत राहिले.

दोष सांगण्याचा हा नियम घरात सगळ्यांना लागू होता. पाहुणा म्हणाला, "अक्का, सांबार झकास," की अण्णा त्याच्याकडे टक लावून बघत बसायचे. तो बिचारा शेवटी म्हणायचा, "मीठ स्वल्प जास्त झालंय का?" मग अण्णा निवांत जेवायला लागायचे. अक्का मात्र तेवढ्यापुरती भांडी जरा जोरात ठेवायच्या. हे माझ्या पहिल्यापासून लक्षात यायला हवं होतं. आलं नाही. माझ्या लक्षात काय काय आलं नाही हे सांगत बसलो तर अण्णा बाजूलाच राहतील.

या सगळ्याच्या मुळाशी एक राजा होता. बायबलातला नबुखद्नेस्सर. हा आपल्या महालाच्या गच्चीवर फिरता फिरता म्हणाला, बघा, हे एवढं मोठं शहर मी माझ्या बळावर उभं केलं. वाक्य तोंडातून पुरतं बाहेर पडलं नाही तोच आकाशातून निकाल आला आणि राजा बैलासारखा गवत खायला लागला.

"सुनावणी नाही, तारीख नाही," अण्णा सांगायचे. "बोलला आणि लागला चरायला. आणि आमच्या घरापुढं बघा, आयतं लॉन आहे."

हे ते गंभीरपणे म्हणायचे. माझ्या देखत एकदा त्यांनी बागेकडे बघून "यंदा बाग..." एवढं म्हटलं आणि चटकन ओठ मिटून घेतले. मग बराच वेळ लॉनकडे पाठ करून बसले.

गर्वाचं असं, तर न्यायाचं आणखी अवघड. दुसऱ्याचा न्याय करू नका, नाहीतर तुमचाही होईल, असं शास्त्रात स्पष्ट लिहिलंय. आणि अण्णांची उभी नोकरी न्याय करण्यात गेलेली. हा भाग पास, हा रिजेक्ट. त्यातून त्यांनी वाट काढली होती की आपण न्याय लोखंडाचा केला, माणसाचा नाही. पण हाताची सवय सुटत नव्हती. सकाळी ताटलीत इडली आली की ते ती चिमटीत धरून उजेडाकडे न्यायचे, कडेने फिरवायचे. मधे फुगवटा कमी असला की बाजूला सारायचे.

"रिजेक्ट का?" मी विचारायचो.

"छे! न्याय करायचा नाही म्हटलंय. रीवर्क."

रीवर्क म्हणजे त्या इडल्या कुस्करून, फोडणी देऊन अक्का उपमा करायच्या. आठवड्यातून बऱ्याच वेळा आम्ही तोच खायचो. मी पहिल्यांदा "उपमा मस्त" म्हणालो तेव्हा अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "पण कढीपत्ता दाताखाली येतो." इतका मी तयार झालो होतो.

संध्याकाळी व्हरांड्यात चहाबरोबर ते वचनं काढायचे. एकमेकांना धडकणारी वचनं शोधण्याचं त्यांना वेडच होतं. एकदा म्हणाले, "योहानाचं शुभवर्तमान बघा. एका ठिकाणी लिहिलंय, बाप कोणाचा न्याय करत नाही, त्यानं सगळं काम पुत्राकडं दिलंय. बरं. पुढं जावा. पुत्र म्हणतो, मी कोणाचा न्याय करत नाही. आणखी जरा पुढं जावा. तोच म्हणतो, मी न्यायासाठीच जगात आलोय."

"मग न्याय करणार कोण?"

"आमच्या कारखान्यात फाइल अशीच फिरायची. शेवटी कुठं यायची म्हाइताय? खाली. माझ्या टेबलावर. हितंपण तसंच! पौल लिहितोय, देवदूतांचासुद्धा न्याय तुम्ही करणार." अण्णांनी कप खाली ठेवला. "देवदूतांचा! मला इडलीचं जमंना."

आता मी पुण्याचा. समोरच्याला पेचात पकडल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही. मी ब्रिगेड रोडच्या फुटपाथवरून एक जुनं बायबल विकत आणलं, भक्तीसाठी नव्हे, अण्णांना गप्प करण्यासाठी. रात्रीची झोप मोडून वाचलं आणि एक खणखणीत मुद्दा शोधला. दुसऱ्या दिवशी चहाची वाट बघत ऑफिसात माझं कामात लक्ष नव्हतं.

"अण्णा, मोशे पृथ्वीवरच्या सगळ्या माणसांपेक्षा नम्र होता, असं लिहिलंय ना?"

"होय तर."

"ते पुस्तक लिहिलं कोणी?"

"मोशेनं."

मी मागे टेकून बसलो. आता हे घाबरतील, गडबडतील, मग आपण मोठ्या मनाने विषय बदलू, असं ठरवलं होतं. अण्णा खुर्चीतून उडालेच. "अगं, ऐकलीस काय? पुणेकरांनी काय काढलंय बघ! स्वतःच लिहिलंय, सगळ्यात नम्र मी! आणखी आहे काय हो असलं?" त्यांचा आनंद बघून माझा चहा गार झाला. मी त्यांचा खिळा उपटायला गेलो होतो आणि त्यांनी तो भिंतीत ठोकून त्यावर सदरा टांगला.

"तुम्हाला त्रास नाही होत याचा?" मी चिडून विचारलं.

"व्हाइस बघितलासा कधी? लेथच्या शेजारी टेबलाला बसवलेला असतोय, लोखंडाचा तुकडा धरून ठेवायला. दोन जबडे असतात त्याला. एक हिकडून ढकलतोय, एक तिकडून. एकमेकांच्या उलट. दोन्ही एकाच बाजूनं ढकलायला लागले तर मधला तुकडा जाईल की उडून." त्यांनी दोन्ही तळहात माझ्या डोक्याच्या दोन बाजूंना धरून हलकेच दाबले. "गर्व करू नको, हा एक जबडा. स्वतःला क्षुद्र पण समजू नको, हा दुसरा. मधे तुम्ही. आता हलून दाखवा."

मी हललो नाही. खरं तर त्यांच्या हाताला चटणी लागली होती.

एवढं सगळं छान चाललेलं असताना जानेवारीत अक्कांनी बाग स्पर्धेत घातली.

आमच्या भागातल्या बागप्रेमींचं एक मंडळ होतं. त्यांची दर वर्षी घरगुती बागांची स्पर्धा असायची. दोन परीक्षक घरोघर फिरायचे आणि त्याच दिवशी दुपारी पार्कमधल्या मंडपात कप द्यायचे. अक्कांनी कोणाला न विचारता नाव दिलं आणि जेवताना सहज सांगितलं.

अण्णांचा घास हातात राहिला. "स्पर्धा? म्हणजे आपणहून बोलवायचं की या, आमचं किती छान आहे बघा? अगं, तो राजा निदान एकटाच बोलला होता!"

"तुमच्या गर्वाची काळजी तुम्ही करा," अक्का म्हणाल्या. "गुलाब माझे आहेत."

ते खरंच होतं. पहाटे उठून आळी करणाऱ्या त्या, शेणखत हाताने कालवणाऱ्या त्या, काट्यांनी मनगटं ओरबाडून घेणाऱ्याही त्याच. अण्णा फक्त दोष बघायचे. इतक्या वर्षांत त्या गुलाबांबद्दल त्या घरात एकही वाक्य असं बोललं गेलं नव्हतं ज्याच्या शेवटी 'पण' नव्हता. अक्कांना तो कप हवा होता. दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये त्यांनी मधल्या फळीवरचा चिनीमातीचा ससा हलवून जागा करून ठेवली होती आणि त्या जागेवरची धूळ रोज पुसत होत्या.

अण्णांचा मात्र जबड्यात सापडलेला तुकडा झाला. भाग घ्यावा तर गर्व. नाव मागे घ्यावं तर 'आम्ही असल्या स्पर्धांच्या वरचे' हा त्याहून मोठा गर्व. शेवटी त्यांनी ठरवलं की परीक्षकांच्या वेळी आपण घरातच नसायचं. रविवार होता, ते चर्चमध्ये गेले आणि भक्ती संपल्यावरही तिथेच थांबणार म्हणाले.

"पुणेकर, बाग तुम्ही दाखवा," अक्का म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी ठेवणीतली निळी साडी नेसली होती. "मी पुढं आले की माझे हात कापतात. मी आत कॉफी करते. तुम्ही नुसतं गोड बोला. गोड बोलायला येतंय न्हवं पुण्यात?"

मी छाती पुढे काढून म्हणालो, "अक्का, काळजीच सोडा."

परीक्षक दोघे होते. एक कृषी महाविद्यालयातले निवृत्त प्राध्यापक, बोलणारे. आणि एक बाई, फक्त लिहिणाऱ्या. प्राध्यापक फाटकातून आत आले, पिवळ्या गुलाबापाशी थबकले आणि मनापासून म्हणाले, "अय्यो! काय सुंदर रंग!"

"हो ना," मी म्हणालो. "पण याच्यावर मावा पडतो."

हे मी का बोललो, मला आजही सांगता येणार नाही. तोंड आपोआप चाललं. बाईंनी लिहून घेतलं.

"लॉन फार एकसारखं आहे हं."

"पण त्या कोपऱ्यात लव्हाळा माजलाय. पायरीमागे. इथून दिसत नाही, या, दाखवतो."

दाखवला. बाई लिहीत होत्या. आता काहीतरी गोड बोलायचं ठरवून मी पिवळ्या गुलाबाच्याच कलमांच्या कुंड्यांकडे गेलो आणि म्हणालो, "या कुंड्या अक्का स्वतः रंगवतात!" प्राध्यापक खूश झाले. "छान, छान!" त्यांच्या त्या 'छान'पाशी माझं तोंड पुन्हा उघडलं: "पण तळाची भोकं बुजल्येत, पाणी साचतं." मग डेलियाचं खोड पोखरलेलं, मग खतखड्ड्याला दुपारी येणारा वास. प्राध्यापकांनी शेवटी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तम्मा, खरं सांग बाळा, तू समोरच्या घरचा काय?"

समोरच्या घरी एक निवृत्त कर्नल राहायचे आणि त्यांची बागही स्पर्धेत होती.

मागे वळून पाहिलं तर अक्का कॉफीचा ट्रे घेऊन दारात उभ्या. कधीपासून, देव जाणे.

दुपारी निकाल लागला. पहिला नंबर कर्नलांचा, ज्यांच्या बागेत झाडांपेक्षा चुना लावलेले दगड जास्त होते. आमचं नाव कुठेच नव्हतं. अक्का तडक घरी आल्या. साडी बदलली, कुदळ काढली आणि पिवळ्या गुलाबाच्या वाफ्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"अक्का, काय करताय?"

"कोथिंबीर लावते. कोथिंबिरीला कोण काय म्हणत नाही. कापायची, खायची."

तेवढ्यात अण्णा आले. मी त्यांना फाटकातच गाठून घडलेलं सांगितलं. त्यांनी माझा एकेक दोष लक्ष देऊन ऐकला. आणि मला सांगायला लाज वाटते, त्यांचा चेहरा उजळत गेला. "लव्हाळा पण सांगितलासा? पायरीमागचा? तो तर मलापण..." मग त्यांना कुदळ दिसली.

"अगं, हे काय करालीस?"

"पुणेकरांवर रागावू नका," अक्का म्हणाल्या. "पोपट तेच बोलणार. शिकवणारे तुम्ही." पोपट म्हणजे मी. "मला एक सांगा. आपली स्तुती आपण करू नये, दुसऱ्यानं करावी, असं लिहिलंय काय नाही तुमच्या शास्त्रात?"

"लिहिलंय की."

"मी कधी केली माझी?"

"नाही."

"मग तो दुसरा कुठं हाय? इतकी वर्षं मी वाट बघालेय. या घरात माझ्याशिवाय दुसरं कोण राहतंय?"

इतके दिवस वचनांशी कुस्ती खेळणाऱ्या माणसाला मी पहिल्यांदा चीत झालेला पाहत होतो. मोशे आणून मला जे जमलं नव्हतं, ते अक्कांनी हातात कुदळ धरून केलं. त्यांनी ती उचलली.

"थांब!" अण्णा ओरडले. "मी येईपर्यंत काय करू नको. पुणेकर, स्कूटर काढा."

मंडपात प्राध्यापक सत्काराचा हार गळ्यात घालून केळी खात होते. अण्णा थेट समोर गेले. "हा न्याय झाला काय?"

"निर्णय झाला, सर," प्राध्यापक शांतपणे म्हणाले. "आता अपील नाही."

"अपील नाही? अब्राहामानं प्रत्यक्ष देवाशी घासाघीस केली! सदोम शहरात पन्नास चांगली माणसं असली तर सोडणार काय, चाळीस असली तर, असं करत करत दहावर आणलं. देवानं ऐकून घेतलं. आणि तुम्ही ऐकणार नाही?"

"सर, सदोमचं काय झालं शेवटी?"

"जळालं. पण ऐकून घेतलं!"

"तुमच्याच माणसानं दोष दाखवले. हा बघा, हाच." प्राध्यापकांनी माझ्याकडे केळ रोखलं. मी एका कुंडीमागे सरकलो.

आणि मग अण्णा बोलायला लागले. कानडीत, इंग्रजीत आणि मधेच मराठीत. माझ्या बायकोसारखा पिवळा गुलाब या भागात कोणाला येत नाही. तिच्या हातात काय आहे देवालाच म्हाइत, वाळकी काडी लावली तरी पान फुटतं. एवढा सगळा काळ मी तपासणीत घालवला, तसा जिन्नस माझ्या टेबलावर एकदाही आला नाही. त्यांचा आवाज चढत गेला. लोक जमले. कर्नल कप पोटाशी धरून ऐकत होते. मी प्रत्येक वाक्यानंतर 'पण'ची वाट बघत होतो. एकदाही आला नाही. शेवटी त्यांना दम लागला. प्राध्यापकांनी त्यांना पाणी दिलं, आणि निकाल तोच ठेवला.

परतलो तेव्हा अक्का पायरीवर बसल्या होत्या. कुदळ मांडीवर.

अण्णा लाजत म्हणाले, "कप काय मिळाला नाही. पण सगळ्यांच्या समोर मी..."

"कळलं. भाजीवाला येऊन सांगून गेला." अक्कांचा चेहरा लाल झाला होता. त्या बोटाने कुदळीवरची माती खरवडत होत्या. "वाळकी काडी म्हणालासा म्हणे."

"म्हणालो."

"बरं बोललासा." त्यांनी कुदळ भिंतीला टेकवली. मग म्हणाल्या, "पण बोलणं काय शोकेसमध्ये ठेवायला येत नाही. कप आणा."

अण्णांनी काढलेल्या चपला पुन्हा पायात घातल्या. मी स्कूटर वळवली आणि त्यांना पाठबळ म्हणून विचारलं, "आता कुठलं वचन काढायचं, अण्णा?"

"वचन राहू दे घरात," अण्णा म्हणाले. "ती पिवळ्या गुलाबाची कुंडी उचला."

कप मिळाला. उत्तेजनार्थ, वाटीएवढा. प्राध्यापकांनी कुंडी पाहिली, भोकात काडी घालून बुजलेली माती काढली, आणि मंडळाकडे उरलेला एक कप अण्णांच्या हातात ठेवून दोन्ही हात जोडले. पण मला जास्त आठवतं ते तिकडे जातानाचं. अण्णा मागे बसलेले, मांडीवर कुंडी, फुलं माझ्या कानाला लागतायत, काटे मानेत घुसतायत. सिग्नलला शेजारी एक ऑटो थांबला. ऑटोवाल्याने नुसती मान वळवली, तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. तरी मागून आवाज आला, आख्ख्या चौकाला ऐकू जाईल असा:

"आमच्या हिनं लावलाय हो!"